पाओलो माल्दिनी: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी शाळेपासून बॅकला खेळत आलो. गोल मारणाऱ्याला पोरं खांद्यावर घेऊन नाचतात आणि गोल वाचवणारा बॅक मोजे वर ओढत मागे एकटाच उभा असतो, हे बरीच वर्षं जवळून पाहिलंय. त्यामुळे माल्दिनीबद्दल कुणी काही विचारलं की माझं उत्तर लांबतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मी आत्ताच फुटबॉल बघायला लागलोय. माल्दिनी कोण, हे थोडक्यात सांगाल?

इटलीच्या एसी मिलान क्लबचा आणि इटलीच्या राष्ट्रीय संघाचा बचावपटू. जन्म 26 जून 1968, मिलान शहरातलाच. 1984-85 ते 2008-09 असे सलग 25 हंगाम तो एकाच क्लबकडून खेळला. क्लबसाठी 902 अधिकृत सामने, 33 गोल. इटलीची साखळी स्पर्धा, म्हणजे सेरी आ, 7 वेळा जिंकली. युरोपियन कप, ज्याला 1992 पासून चॅम्पियन्स लीग म्हणतात, तो 5 वेळा. देशाकडून 126 सामने, त्यातले 74 कर्णधार म्हणून.

पहिला सामना कधी खेळला?

20 जानेवारी 1985. ऐन थंडीत, उदिने शहरात, उदिनेझे संघाविरुद्ध. मध्यंतराला सेर्जो बात्तिस्तिनीला पुढे खेळता येईना, तेव्हा प्रशिक्षक नील्स लिडहोम यांनी बाकावरच्या सोळा वर्षांच्या पोराला मैदानात पाठवलं. सामना 1-1 बरोबरीत सुटला. त्या हंगामात तो पुन्हा खेळला नाही. पुढच्या हंगामापासून मात्र जागा पक्की झाली ती झालीच. त्या उदिनेचं नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

वडील मिलानचे कर्णधार होते ना? मग वशिला लागला असेल.

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतो. वडील चेझारे माल्दिनी हे मिलानचे मोठे बचावपटू. 1963 साली लंडनच्या वेम्ब्लीवर बेनफिकाला 2-1 हरवून मिलानने पहिला युरोपियन कप जिंकला, तेव्हा कर्णधार तेच होते. पाओलो दहाव्या वर्षी क्लबच्या लहान मुलांच्या संघात दाखल झाला. आडनावामुळे लोकांनी त्याच्याकडे आधी पाहिलं असेल, हे मी नाकारत नाही. पण त्या काळातलं मिलान आठवा. 1980 मध्ये सामन्यांचे निकाल आधीच ठरवल्याच्या प्रकरणात क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. वर आला, आणि 1982 मध्ये मैदानात हरून पुन्हा खाली गेला. उद्योगपती बर्लुस्कोनींनी क्लब विकत घेतला तो 1986 मध्ये, म्हणजे पोरगा पहिल्या संघात आल्यानंतर. त्याच्या वाट्याला तेव्हा आयतं वैभव नव्हतं, आडनावाचं ओझं मात्र होतं.

आणि प्रशिक्षक तरी किती बदलले बघा: लिडहोम, साक्की, कापेल्लो, झाक्केरोनी, आन्चेलोत्ती, मध्ये आणखी काही. प्रत्येकाची पद्धत निराळी, आवडते खेळाडू निराळे. तरी संघाची यादी लिहायला घेतली की हे नाव त्यात असायचंच. एवढ्या सगळ्यांकडे चालणारा वशिला मला तरी माहीत नाही.

28 मे 2003 रोजी मँचेस्टरला युव्हेंटसला पेनल्टींवर हरवून पाओलोने कर्णधार म्हणून तोच कप उचलला. बापानंतर बरोबर 40 वर्षांनी, आणि तोही इंग्लंडमध्येच. ते दोन फोटो शेजारी ठेवून बघा. उभं राहायची ढब एकच आहे.

तो डावखुरा होता का? डावीकडेच खेळायचा ना?

नाही, मूळचा उजव्या पायाचा. सुरुवात राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, म्हणूनच झाली. पण मिलानमध्ये उजवी बाजू माउरो तास्सोत्तीची होती, म्हणून पोराला डावीकडे हलवलं. त्याने डावा पाय घासून घासून असा तयार केला की नवख्याला त्याचा खरा पाय कुठला हे ओळखता येत नाही.

याचा एक फायदाही झाला. समोरचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा आक्रमक, आत वळून गोलाकडे निघाला की तो आपोआप माल्दिनीच्या बळकट पायाकडे यायचा. बाहेरून रेषेलगत गेला तर डावा पाय तयार. विंगरला सोपी बाजूच उरायची नाही. पुढे वय वाढल्यावर आणि गरज पडली तेव्हा तो सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मध्यभागी, गेला आणि तिथेही तेवढाच भारी ठरला. एकाच कारकिर्दीत दोन जागा जगात सर्वोत्तम पातळीवर खेळलेले बचावपटू हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तो म्हणे टॅकल करायचाच नाही. हे खरं आहे का?

अर्धं खरं. घसरून चेंडू काढण्यात तो पटाईत होता, जुन्या चित्रफिती काढून बघा: पाय नेमका चेंडूवर, माणसाला धक्का नाही. पण तो त्याचा शेवटचा उपाय असायचा. त्याचं खरं काम त्याच्या आधी झालेलं असायचं.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला रेषेजवळ चेंडू मिळालाय, समोर माल्दिनी. तो छाती समोर करून उभा राहत नाही, किंचित तिरका राहतो, आतली वाट अंगाने अडवून. मोकळी ठेवलेली वाट एकच, रेषेकडची. अंतर साधारण दोन हातांचं. पाऊल लहान, टाच जमिनीला टेकत नाही. विंगर खांदा हलवतो, कंबर हलवतो, चेंडूवरून पाय फिरवतो. माल्दिनी ढिम्म. त्याची नजर फक्त चेंडूवर. मग विंगर कंटाळून चेंडू पुढे ढकलतो, आणि तो ढकलताना चेंडू पायापासून अर्ध्या हाताने लांब जातो. बस, तेवढ्यात माल्दिनीचा खांदा चेंडू आणि माणूस यांच्या मध्ये शिरलेला असतो. शिट्टी वाजत नाही, कुणी पडत नाही. डोकं वर करून तो चेंडू सोबतचा बचावपटू बारेसीकडे देतो आणि खेळ उलट दिशेला सुरू.

टीव्हीवर हे निम्मंच दिसतं. कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि माल्दिनीचं काम चेंडू येण्याआधीच सुरू झालेलं असतं. पास निघण्याआधी तो तीन पावलं आत सरकतो, म्हणून पास देणारा विचार बदलतो आणि दुसरीकडे देतो. याची नोंद कुठल्याही आकडेवारीत होत नाही. कधी संपूर्ण सामना हाताशी लागला तर दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त 3 नंबरच्या जर्सीकडे, म्हणजे माल्दिनीकडे, बघा. मला स्वतःला बॅकचा खेळ तेव्हा समजला.

हे सगळं तो शिकला कुणाकडून?

घरी वडील होते, आणि मैदानात शेजारी फ्रँको बारेसी होता. याहून चांगली शाळा मिळणं अवघड. पण शिस्त आली ती आरिगो साक्की यांच्याकडून, 1987 नंतर. तोपर्यंत इटलीत बचाव म्हणजे ज्याने त्याने आपापला माणूस धरायचा. साक्कींनी सांगितलं, माणूस नको, जागा धरा. चौघांनी एका रेषेत पुढे सरकायचं, एका रेषेत मागे यायचं, जणू कमरेला एकच दोरी बांधलीय. रेषा वेळेवर पुढे आली की विरोधी फॉरवर्ड ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर पुढे सापडलेला.

साक्कींचा एक सराव प्रसिद्ध आहे. एका बाजूला गोलरक्षक आणि चार बचावपटू: तास्सोत्ती, कोस्टाकुर्ता, बारेसी, माल्दिनी. दुसऱ्या बाजूला दहा जण, त्यात खुलित आणि व्हॅन बास्टनसारखे. दहा जणांनी ठरावीक वेळात गोल करून दाखवायचा. होत नसे. संख्येपेक्षा रचना मोठी, हे साक्कींना आपल्याच आक्रमकांना पटवून द्यायचं होतं.

त्याचं फळ: 1989 मध्ये बार्सिलोनात स्टेआवा बुखारेस्टला 4-0, 1990 मध्ये व्हिएन्नात बेनफिकाला 1-0. लागोपाठ दोन युरोपियन कप. कापेल्लो आल्यावर संघ आणखी घट्ट झाला. 1991-92 ची लीग एकही सामना न हरता जिंकली, आणि लीगमधली अपराजित मालिका 58 सामन्यांपर्यंत गेली. 1993-94 मध्ये तर 34 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले. स्वतः मारले 36, आणि तेवढ्यावर विजेतेपद! त्या हंगामात इटलीतल्या मैदानांवर कोणकोणते फॉरवर्ड होते ते आठवलं की 15 हा आकडा किती लहान आहे ते कळतं.

एकच सामना बघायचा असेल तर कोणता बघू?

18 मे 1994, अथेन्स, युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर प्रशिक्षक योहान क्रायफ यांचं बार्सिलोना. त्यांचे आक्रमक रोमारियो आणि स्टोइचकोव्ह भरात होते. मिलानचे बारेसी आणि कोस्टाकुर्ता दोघेही निलंबित, म्हणजे मधली भिंतच गायब. जवळपास सगळ्यांनी बार्सिलोनालाच पसंती दिली होती. कापेल्लोंनी माल्दिनीला डावीकडून उचलून मध्ये आणलं, जोडीला फिलिप्पो गाल्ली. निकाल 4-0, मिलानच्या बाजूने.

मिलानच्या साविचेविचने गोलरक्षकाच्या डोक्यावरून उडवलेला गोल सगळ्यांना आठवतो, आठवायलाच हवा. तुम्ही मात्र रोमारियो कुठे उभा आहे आणि त्याच्या अर्ध्या पावलावर कोण आहे ते बघा. नव्वद मिनिटं त्याला वळायलासुद्धा जागा मिळाली नाही.

जाता जाता, त्या वर्षी कोस्टाकुर्ताचं नशीब फारच फुटकं निघालं. दोन महिन्यांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यालाही तो निलंबितच होता.

इतका मोठा खेळाडू, मग विश्वचषक का नाही मिळाला?

या प्रश्नाला उत्तर देताना मला अजूनही त्रास होतो. आधी नुसती यादी वाचा.

1990, घरचा विश्वचषक: उपांत्य फेरीत अर्जेंटिनाशी 1-1, पेनल्टींवर बाहेर. 1994, पासाडेना, अंतिम सामना: ब्राझीलशी 0-0, पेनल्टींवर हार. 1998: यजमान फ्रान्सशी 0-0, पेनल्टींवर बाहेर, आणि त्या वेळी प्रशिक्षक होते वडील चेझारे. 2000, युरो कपचा अंतिम सामना: फ्रान्सविरुद्ध 1-0 आघाडी, शेवटची काही सेकंदं बाकी असताना विल्टोर्डचा बरोबरीचा गोल, मग जादा वेळेत त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे पडला की सामना तिथेच संपतो असा गोल. 2002: कोरियाविरुद्ध पुन्हा गोल्डन गोल.

म्हणजे चार विश्वचषक खेळला आणि बाद फेरीत नव्वद मिनिटांच्या खेळात त्याचा संघ एकदाही हरला नाही. विश्वचषकात तो 23 सामने खेळला. स्पर्धेत सर्वाधिक मिनिटं मैदानावर असण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता, तो मेस्सीने 2022 च्या अंतिम सामन्यात मोडला.

1994 बद्दल आणखी एक सांगायला हवं. नॉर्वेविरुद्ध बारेसीचा गुडघा गेला, तेव्हा माल्दिनी मध्ये सरकला, कर्णधारही झाला. शस्त्रक्रिया करून बारेसी अंतिम सामन्याला परत आला आणि दोघांनी मिळून रोमारियो-बेबेतो या जोडीला भर दुपारच्या उन्हात 120 मिनिटं गोल करू दिला नाही. मग पेनल्टीत बारेसी चुकला, मास्सारो चुकला, बाज्जो चुकला. लोकांच्या मनात राहिला तो मान खाली घातलेला बाज्जो. त्या 120 मिनिटांबद्दल फार थोडे बोलतात, याचं मला वाईट वाटतं.

2002 चा तो कोरियाचा गोल त्याची चूक होती का?

हो. चाहता म्हणून सारवासारव करायची इच्छा होते, पण हो. 18 जून 2002, देजॉन. 117 वं मिनिट. इटलीला व्हिएरीच्या गोलाने मिळालेली आघाडी 88 व्या मिनिटाला निसटलेली, तोत्तीला लाल कार्ड मिळालेलं, पंचांवरून रण माजलेलं. डावीकडून चेंडू हवेत आला. कोरियाचा आन जुंग-ह्वान आणि माल्दिनी एकत्र उडाले, आन जास्त उंच गेला. डोक्याला लागून चेंडू गोलरक्षक बुफॉनच्या कोपऱ्यात. गोल्डन गोल असल्याने सामना तिथल्या तिथे संपला, चूक सुधारायला एक सेकंदही मिळाला नाही. 126 वा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना.

वयाच्या 33 व्या वर्षी, 117 व्या मिनिटाला, एक उडी कमी पडली. त्यानंतर त्याने राष्ट्रीय संघ सोडला आणि चारच वर्षांत, 2006 मध्ये, इटलीने विश्वचषक जिंकला.

इस्तंबूलमध्ये त्याने गोल केला होता ना?

25 मे 2005, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, लिव्हरपूलविरुद्ध. सामना सुरू होऊन एक मिनिटही झालं नव्हतं. उजवीकडून पिर्लोची फ्री किक, आणि पेनल्टीच्या खोक्यात मोकळा सापडलेला माल्दिनी. उजव्या पायाने थेट व्हॉली, चेंडू जमिनीला टेकायच्या आत. युरोपियन कपच्या अंतिम सामन्यातला सर्वात जलद गोल, आणि केला कुणी, तर 36 वर्षांच्या बचावपटूने. मध्यंतराला 3-0. मग सहा मिनिटांत लिव्हरपूलचे तीन गोल आणि शेवटी पेनल्टीत पराभव.

दोन वर्षांनी, 2007 मध्ये, त्याच लिव्हरपूलशी पुन्हा गाठ पडली, या वेळी 1994 सारखीच अथेन्समध्ये. गुडघा दुखत असतानाही तो पूर्ण सामना खेळला. इन्झागीचे दोन गोल, 2-1. कर्णधाराने पाचव्यांदा कप हातात घेतला तेव्हा त्याला 39 वर्षं पूर्ण व्हायला महिनाच राहिला होता.

युरोपियन कपचे एकूण किती अंतिम सामने?

आठ. जिंकले पाच: 1989, 1990, 1994, 2003, 2007. हरले तीन: 1993 मार्सेकडून, 1995 आयाक्सकडून, 2005 लिव्हरपूलकडून. आठ अंतिम सामने खेळलेला दुसरा खेळाडू म्हणजे रेआल माद्रिदचा फ्रान्सिस्को खेंतो.

बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, कधीच का नाही?

1994 मध्ये तिसरा, 2003 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, पुन्हा तिसरा. मतं गोलांना पडतात. माझ्या मते 1994 चा पुरस्कार त्याचाच होता. स्टोइचकोव्हला मिळाला, आणि अथेन्समध्ये त्याच स्टोइचकोव्हच्या संघाला एकही गोल करता आला नव्हता.

कर्णधार म्हणून कसा होता? त्याला नेहमी चांगलाच संघ मिळाला, असं म्हणतात.

हा गैरसमज आहे. 1997 मध्ये बारेसी निवृत्त झाल्यावर माल्दिनीच्या दंडाला कर्णधाराची पट्टी बांधली गेली, तेव्हा मिलान नुकताच लीगमध्ये अकरावा आला होता. त्याच्या नेतृत्वाखालच्या पहिल्या हंगामात दहावा. त्या वयाचा आणि त्या दर्जाचा खेळाडू सहज दुसरीकडे जाऊ शकला असता. तो राहिला. 1999 मध्ये झाक्केरोनींच्या संघाने लीग जिंकली, पुढे आन्चेलोत्तींच्या काळात युरोप पुन्हा हाती आला.

निरोपाच्या सामन्यात स्वतःच्याच प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, हे खरं?

दुर्दैवाने खरं. 24 मे 2009, सॅन सिरो, रोमाविरुद्ध घरचा शेवटचा सामना. मिलान 3-2 ने हरला. नंतर तो मैदानाला फेरी मारायला निघाला, बहुतेक स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पण दक्षिण स्टँडमधल्या कट्टर समर्थकांच्या एका गटाने शिट्ट्या मारल्या, बारेसीची भली मोठी 6 नंबरची जर्सी फडकवली आणि कर्णधार एकच, असं सुनावलं. या गटाशी त्याचं आधीपासून जमत नव्हतं. त्यांची मर्जी राखायला तो कधी गेला नाही. त्या दिवशी त्याचा चेहरा कसा झाला होता, ते कॅमेऱ्यात आहे. 25 वर्षं दिलेल्या माणसाशी असं वागायचं नसतं, भांडण काहीही असो.

आठवड्याने, 31 मे रोजी, फ्लॉरेन्सला शेवटचा सामना. मिलान 2-0 ने जिंकला. आणि तिथे परक्या गावच्या, फिओरेंतिनाच्या प्रेक्षकांनी उभं राहून त्याला निरोप दिला.

3 नंबरची जर्सी आता कोण घालतं?

कुणीच नाही. क्लबने ती निवृत्त केली. अट एकच: त्याच्या मुलांपैकी कुणी मिलानच्या पहिल्या संघात आला तर त्याला ती घेता येईल.

निवृत्तीनंतर काय केलं?

मायामी एफसी हा क्लब उभारण्यात भागीदार होता. टेनिसचं वेड जुनं. 2017 मध्ये, 49 व्या वर्षी, मिलानच्या एका व्यावसायिक चॅलेंजर स्पर्धेत आपल्या टेनिस प्रशिक्षकासोबत दुहेरीत उतरला, 6-1, 6-1 असा हरला. पण उतरला!

2018 मध्ये तो संचालक म्हणून मिलानला परतला, पुढच्या वर्षी तांत्रिक संचालक झाला. तेओ हर्नांदेझ, राफाएल लेआव, माइक मेन्यां ही मंडळी त्याच्याच काळात आली. 2022 मध्ये मिलानने 11 वर्षांनी लीग जिंकली. जून 2023 मध्ये नव्या मालकांनी त्याला पदावरून दूर केलं. मैदानातली जागा वेगळी, टेबलामागची वेगळी, आणि तीही तो शिकला होता. मला तो निर्णय तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

त्याचे विक्रम अजून आहेत का?

सेरी आमधला 647 सामन्यांचा विक्रम बुफॉनने जुलै 2020 मध्ये मोडला. बुफॉन गोलरक्षक, हे लक्षात असू द्या. मिलानसाठीचे 902 सामने अजून कुणाच्या टप्प्यातही नाहीत.

मुलगा खेळतो ना?

धाकटा डॅनिएल. बचावपटू नाही, पुढे खेळतो. 2 फेब्रुवारी 2020 रोजी तो मिलानकडून पहिल्यांदा मैदानात आला, पाठीवर 27 नंबर घेऊन. 3 नंबर त्याने घेतला नाही. 2022 च्या विजेत्या संघात तो होता, म्हणजे आजोबा, वडील, नातू, तिघांनी एकाच क्लबकडून इटलीची लीग जिंकली. पुढे तो मोंझाकडे गेला आणि तिथे असताना, 14 ऑक्टोबर 2024 रोजी, इस्रायलविरुद्ध राखीव खेळाडू म्हणून उतरून इटलीकडून पहिला सामना खेळला. एकाच घरातल्या तीन पिढ्या इटलीकडून खेळण्याची ही पहिलीच वेळ. सामना उदिनेला होता, त्याच स्टेडियमवर.